आत्याचा रस्ता

गुहागर–विजापूर हा महामार्ग कोकणातून निघतो, कुंभार्लीचा घाट चढतो, कोयनानगर, पाटण, कराड करत पुढे दुष्काळी मुलखात उतरतो. माझ्या आत्याचं सगळं आयुष्य या एकाच रस्त्यावर गेलं. जन्म गुहागरचा. नोकरीची पहिली सोळा वर्षं कोयनेच्या खोऱ्यात, प्राथमिक शाळेत. उरलेली नोकरी आणि निवृत्तीनंतरची पंचवीस वर्षं कराडला. २०२४ च्या जूनमध्ये, त्र्याऐंशी वर्षांची होऊन, ती कराडच्या घरीच गेली.

डिसेंबरच्या मध्यात मी आणि बाबा हा रस्ता उलट्या दिशेनं गेलो. बाबा तिचे धाकटे भाऊ, वय एकोणऐंशी. मी तिला आत्या म्हणायचे, बाबा आक्का म्हणायचे, आणि वाटेत भेटलेली निम्मी माणसं तिला नुसतं ‘बाई’ म्हणत होती.

पहिला दिवस : कराड

पुण्याहून पहाटे निघालो आणि दहाच्या आत कराडात होतो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्यांनी कुलूप उघडून दिलं, चहा आणला, आणि आम्ही कामाला लागल्यावरही दारातच उभ्या राहिल्या. “बाई सकाळी सहाला अंगणात पाणी मारायच्या. अजून मला त्या आवाजाची वाट बघायची सवय आहे,” म्हणाल्या.

घर दोन खोल्यांचं. आवरायला फारसं काही नव्हतंच. पाच-सहा साड्या, एक लोखंडी ट्रंक, कडधान्यांचे डबे, त्यावर तिच्या शिक्षकी अक्षरातल्या चिठ्ठ्या : कुळीथ, पावटा, नाचणी. कोकण सोडून साठ वर्षं झाली तरी कुळथाचं पिठलं आठवड्यातून एकदा व्हायचंच. वर कच्चं खोबरेल सोडून ती ते इतकं कढत वाढायची, की आम्ही मुलं ताटाशी फुंकर घालत बसायचो.

आणि फळीवर तो तांब्या. पितळी तांब्या पालथा घातलेला, त्याच्या बुडावर स्टीलचा पेला. रोज रात्री दिवा मालवण्याआधी आत्या तो असा रचून ठेवायची. सुट्टीत आम्ही राहायला गेलो की विचारायचो, हे कशाला? ती म्हणायची, “उंदीर आला तर पेला पडतो, कळतं.” तिच्या घरात मी कधी उंदीर पाहिला नाही. शिवाय तिची झोपायची तऱ्हाही वेगळी होती. चपला पलंगाखाली नाही, पलंगाला लागून, बोटं आत सरकतील अशा दिशेनं. उशाशी बॅटरी. दाराला आतून कडी घालायची नाही, नुसतं ढकलून ठेवायचं. आणि झोप इतकी सावध, की रात्री मी कूस बदलली तरी अंधारातून आवाज यायचा, “काय गं, पाणी हवं?”

ट्रंकेत जन्मदाखला, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र आणि १९६३ सालचा पहिल्या नेमणुकीचा आदेश सापडला. जिल्हा परिषदा सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. खाली सुतळीनं बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. पाच रुपये, दहा रुपये, एकदा पंचवीस. सगळ्या एकाच नावानं, हेळवाकच्या पुढच्या एका खेड्यात गेलेल्या. अगदी तळाशी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. कोयनेच्या परिसरात गोठणे इथे शास्त्रज्ञांनी भूकंपाचा अभ्यास करायला जमिनीत तीन किलोमीटर खोल विवर खणलं, त्याची बातमी. लाल पेनानं दोन ओळी अधोरेखित. वही तपासावी तशा.

पावत्यांवरचं नाव आम्हाला अनोळखी नव्हतं. आमच्या घरात त्याला ‘कोयनेचा दादा’ म्हणतात. दर दिवाळीनंतर नव्या तांदळाचं पोतं घेऊन तो आत्याकडे यायचा, दोन घटका बसायचा, जेवून जायचा. तिचा जुना विद्यार्थी, एवढंच आम्हाला माहीत. आत्या गेल्याचं कळलं तेव्हा तो रात्रीतून कराडला आला होता आणि त्यानं खांदा दिला होता. तेव्हाच बाबांना म्हणाला होता, “मामा, एकदा घरला या.”

संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. आत्या रोज जायची. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात, मग एक होऊन पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच घाटावर आहे. उजाडताना किंवा दिवेलागणीला गेलात तर गर्दी नसते आणि पाण्याचा रंग पाहत निवांत बसता येतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी नदीपर्यंतच्या पायऱ्यांचा आग्रह धरू नये. वरच्या बागेतूनही संगम छान दिसतो.

तिथल्या बाकावर बाबांनी पहिल्यांदाच मला कोयनेच्या भूकंपाची ती सकाळ सांगितली. सोमवार, ११ डिसेंबर १९६७. ते तेव्हा बावीस वर्षांचे, पुण्यात खोली घेऊन राहत होते. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी खाट हलली. त्यांना वाटलं, खोलीतला मित्र थट्टा करतोय. सकाळी रेडिओवर कोयनेचं नाव ऐकलं आणि ते तसेच निघाले. कराडपर्यंत एसटी, पुढे मदतीचं सामान नेणाऱ्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. पोचायला बुधवार उजाडला.

“गावात घर म्हणून उभं नव्हतं,” बाबा म्हणाले. “आणि आक्का पडक्या शाळेपुढच्या पटांगणात दहा-बारा पोरांना बसवून पाढे म्हणवून घेत होती. कपाळाला पट्टी. मला बघून म्हणाली, ‘आलास? बस जरा, सतराचा चाललाय.’ मी तिला चल म्हटलं. नाही आली. पुढंही कितीदा म्हटलं, बदली घे. बारा वर्षं तिथंच राहिली. का, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.”

दुसरा दिवस : पाटण, कोयनानगर आणि दादाचं गाव

कराडहून कोयनानगर साठेक किलोमीटर. पाटणला गाडीत पेट्रोल भरून घ्या आणि औषधं-बिस्किटं असं काही हवं असेल तर तिथेच घ्या. पुढे दुकानं विरळ होत जातात, फोनची रेंजही येऊन-जाऊन. सकाळी आठला पाटण सोडलं तेव्हा वरच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची फक्त पाती धुक्यातून बाहेर दिसत होती, खांब नाहीत. बाबा काच खाली करून बघत राहिले. थंडी चांगलीच होती. या दिवसांत इकडे येणार असाल तर स्वेटर सोबत असू द्या, पुण्याच्या अंदाजानं येऊ नका.

कोयना नदी महाबळेश्वराला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर उत्तर-दक्षिण वाहत येते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते. त्या वळणाच्या जरा वर धरण आहे. पायथ्यापासून एकशे तीन मीटर उंच. १९५६ ते १९६४ या काळात काम झालं, म्हणजे आत्या इथे रुजू झाली तेव्हा ते अजून पूर्ण व्हायचं होतं. धरणाच्या भिंतीवर कोणालाही सोडत नाहीत. नेहरू उद्यानातून मात्र भिंत समोर दिसते. तिथेही कधी बंद, कधी उघडं असं असतं, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. मागे धरणाचा जलाशय, शिवसागर, पसरलेला, त्यापलीकडे अभयारण्याचं दाट रान. त्या पहाटे याच भिंतीला वरच्या भागात तडे गेले होते. भिंत टिकली, पुढे मागून काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट केली. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो धक्का. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. मुंबईपर्यंत जाणवला होता.

हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं. पण भिंतीसमोर बाबा टोपी काढून उभे राहिले, तेव्हा आकडे मनातून गळून गेले. सव्वीस वर्षांची एक मुलगी एकटीच इथे राहत होती, एवढंच उरलं.

दादाचं गाव मुख्य रस्ता सोडून आत. तो फाट्यावर येऊन थांबला होता. सहासष्ट वर्षांचा, पांढरं धोतर, टोपी, आणि बाबांना पाहताच वाकला तो पार पायाला हात लावूनच उठला. “मामा, लई येळ लावला यायला.” बाबांना तो पहिल्यापासून मामा म्हणतो. गावाकडची पद्धत म्हणून आम्ही कधी त्याचा विचार केला नव्हता.

घरी वहिनींनी चुलीवर नाचणीच्या भाकरी केल्या होत्या. सोबत पावट्याची आमटी, मिरचीचा ठेचा, घरचं लोणी आणि नव्या तांदळाचा भात. या दिवसांतला कोवळा पावटा, त्याला वाटलेल्या खोबऱ्या-लसणीचा वास. बाबा पुण्यात रात्री अर्धी पोळी खातात. इथे दोन भाकरी जेवले. वहिनी मला म्हणत होत्या, “ताई, बाई आल्या की ह्योच बेत असायचा. शेवटच्या आल्या तवा दात न्हवतं, आमटीत भाकरी कुस्करून दिली.” आत्या इथे येत होती हेही मला नव्यानं कळलं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत, एसटीनं, एकटी.

मी जेवून उठले, हात धुवायला मागच्या सोप्यात गेले, आणि थबकले. फळीवर पितळी तांब्या पालथा. त्यावर पेला.

मी दादाला विचारलं, “उंदरासाठी?”

“उंदीर?” तो जरा गोंधळला. “न्हाई ताई. धरणीसाठी. हिकडं समद्यांच्या घरी असायचा. हाललं की पेला खाली येतो, त्येचा आवाज हुतो. माणूस उठून भाईर पळतंय. आता पोरं न्हाई ठेवत. मी ठेवतो.” कोयनेच्या भागात १९६७ नंतरही लहानमोठे धक्के बसतच राहिले आहेत. इथल्या माणसांना त्यांच्या तारखा पाठ आहेत, आपल्याला सणवार असतात तशा.

आमच्याही गाडीत तसाच तांब्या होता. आत्याची आठवण म्हणून दादाला द्यायला आणलेला. मी तो काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं हातात घेतला, पदर नसलेल्या माणसाला डोळे पुसायला काही नसतं तसा उपरण्याचा कोपरा शोधला, आणि मग तो बोलायला लागला. बाबांकडे बघत, हळू आवाजात, मध्ये मध्ये बराच वेळ थांबत.

आत्या त्यांच्याच घरी भाड्यानं राहत होती. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. सप्टेंबरात एक मोठा धक्का बसून गेला होता, पण नंतर लोक घरात झोपायला लागले होते. डिसेंबरची थंडी. दादा नऊ वर्षांचा, त्याची धाकटी बहीण तीनची. वडील कामाला मुंबईत. त्या पहाटे जमिनीखालून गाडी जावी तसा आवाज आला. दादाच्या आईला जाग आली. तिनं आधी बाईंना हाका मारल्या.

“बाई उठंनात,” दादा म्हणाला. “त्यास्नी झोप लई गाढ. आई भिताडावर थापा मारती, ‘बाई, उठा! बाई, उठा!’ उठल्या तवा आईनं मला त्यांच्या हातात दिला आन् म्हनली, ‘ह्येला घेऊन व्हा भाईर, मी धाकटीला आनती.’ बाईंनी मला वढतच अंगणात आनलं. आमी मागं वळून बघतोय, तर घर न्हवतंच. धुरळा हुता नुसता.”

कोणी काही बोललं नाही. वहिनी पाठमोऱ्या होऊन भांडी लावत राहिल्या, एकही भांडं न वाजवता.

“बाईंच्या कपाळाला कौल लागलं हुतं. त्या हातानं दगूड काढत बसल्या दुपारपातूर. मग धरण फुटलं अशी आवई उठली, समदी डोंगरावर पळाली. बाई न्हाई गेल्या. मला मांडीवर घेऊन बसून ऱ्हाईल्या.”

त्या दिवसानंतर सहा महिने शाळा मांडवात भरली. दादाचे वडील आले ते खचूनच. दारूला लागले, लवकर गेले. दादाला आजीनं सांभाळलं, आणि शाळा आत्यानं. तिची बदली झाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, नुकताच वीज प्रकल्पावर कामाला लागलेला. मधली दोन-तीन वर्षं तो शिकायला पाटणला राहिला, तेव्हाही घरी आजीला पैसे मिळायचे. आणि सुट्टीत आत्या पुण्याला, गुहागरला गेली तरी मनीऑर्डर चुकायची नाही.

“तुम्ही दोघं कधी बोललात यावर?” मी विचारलं.

“न्हाई. बाईंनी कदी इषय काढला न्हाई, म्या बी न्हाई. एकदाच म्हनल्या. माझ्या लगनात. हळद लागली तवा जवळ आल्या आन् म्हनल्या, ‘मी लवकर उठले असते तर तुझी आई इथं असती.’ म्या म्हनलं, ‘बाई, तुमी हायसा की.’ तेवढंच.”

बाबा उठून बाहेर अंगणात गेले. मी खिडकीतून पाहत होते. ते पडवीच्या खांबाला हात लावून उभे होते. दादा त्यांच्यामागे गेला नाही. त्यांना थोडा वेळ दिला, आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन गेला.

दुपार कलल्यावर त्यानं आम्हाला शाळा दाखवली. आता पक्की इमारत आहे. पटांगण तेच. तिथे त्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली. आत्याचा भूगोलाचा धडा. “बाई अशी नदी काढायच्या. म्हनायच्या, आपली कोयना दोन समुद्रांला जाती. धरणातनं खाली सुटलेलं पानी कराडला, कृष्णेत, तिथनं पार बंगालच्या समुद्राला. आन् बोगद्यातनं गेलेलं पानी डोंगराखालनं कोकणात, पोफळीला, वाशिष्ठीत, आन् तिथनं माझ्या गावाकडच्या खाडीला. पोरं इचारायची, बाई, तुमी कुठल्या पान्यासंगं जानार? बाई हसायच्या.”

तांब्या त्यानं घेतला नाही. “माझ्याकडं हाय. ह्यो तुमच्याकडं असू द्या.” तांदळाचं पोतं मात्र गाडीत आधीच येऊन बसलं होतं.

रात्री त्याच्याकडेच राहिलो. मला झोप लागली नाही. फळीवरचा पेला अंधारातही दिसत होता.

तिसरा दिवस : कुंभार्ली घाट, चिपळूण

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. घाट सकाळी नऊनंतर उतरावा, त्याआधी धुक्यात दोन हातांवरचं दिसत नाही. वळणं अरुंद आहेत आणि अवजड गाड्या असतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी तोंडात धरावी. घाटमाथ्यावर स्वेटर होता, पोफळीला उतरेपर्यंत तो मागच्या सीटवर गेला. तासाभरात हवा बदलते, झाडं बदलतात, घराच्या भिंतींचा दगड काळ्याचा तांबडा होतो.

पोफळीचं वीजगृह जमिनीच्या पोटात आहे, बाहेरून काही दिसत नाही. पण पुढे वाशिष्ठी दिसली. डिसेंबरातही भरून वाहणारी. कोकणातल्या नद्या या दिवसांत दगड दाखवायला लागतात. हिच्यात कोयनेचं पाणी आहे म्हणून ही वाहते. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, पुलाच्या कठड्याशी गेले, आणि बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, “आक्का खाली यायची तेव्हा हे पाणीच सोबतीला असायचं की.”

चिपळूणला मुक्काम केला, कारण बाबा थकले होते. शरीरानं नव्हे. उतरलो तिथल्या भिंतीवर छातीच्या वर एक रेघ राखून ठेवलेली होती, जुलै २०२१ च्या पुराची. मालक म्हणाले, “रंग दिला, पण ती रेघ तशीच ठेवली.” बाबांनी मान हलवली. रात्री जेवताना मला एकदम म्हणाले, “तू तिच्याकडे सुट्टीला जायचीस. रात्री कधी रडायची का गं ती?” मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. ती रडायची नाही, जागी असायची.

चौथा दिवस : गुहागर

चिपळूण ते गुहागर दीडेक तास. थेट गावात न शिरता आधी अंजनवेलला गेलो, दीपगृहाच्या बाजूला. गोपाळगडही इथेच. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते ती या कड्याखाली. पलीकडे दाभोळ. धोपाव्याहून तिकडे जायला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. दापोलीच्या बाजूनं येणाऱ्यांचा फार मोठा वळसा वाचतो. उन्हाचं जायचं असेल तर पाणी आणि टोपी सोबत हवी, कड्यावर सावली नाही.

खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं निळं, यांच्यामधली कड स्पष्ट दिसत होती. मी मनात दादाची काठी त्या पाण्यावरून ओढत नेली. बाबा म्हणाले, “फोन लाव त्याला.” रेंज होती. बाबांनी त्याला सांगितलं, “अरे, तुझं पाणी पोचलं बघ इथवर.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबा नुसतं “हो, हो” म्हणत राहिले.

गुहागरात आमचं घर आता नाही. चुलत आत्या आहे, आत्याच्याच वयाची, व्याडेश्वराच्या देवळापासून चार पावलांवर, नारळी-पोफळीच्या आगरात. बाबा तिला ‘बाय’ म्हणतात. तिनं घावन घातले होते, सोबत गूळ घालून नारळाचा रस. ताटात वाढतानाच म्हणाली, “आक्काला आवडायचे. एका बैठकीत आठ खात असे. सांगितलं तुला कधी?” नव्हतं सांगितलं. आम्ही पाहिलेली आत्या दीड भाकरीवर उठायची.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. गुहागरचा किनारा सहाएक किलोमीटर लांब, मागे सुरूची झाडं, वाळू पांढरट आणि बारीक. डिसेंबरात समुद्र शांत दिसतो, तरी पोहायला उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं. बाबांनी चपला हातात घेतल्या आणि पाणी घोट्याला लागेपर्यंत गेले. इथे ते आणि आक्का कुर्ल्या पकडायला यायचे. आक्का भोकात हात घालायची, ते घाबरून मागे उभे राहायचे. परतताना देवळात दिवे लागले होते.

रात्री ओटीवर अंथरुणं घातली. बायनं आमच्या सामानातला पितळी तांब्या पाहिला, चिंचेनं घासून लख्ख केला, विहिरीचं पाणी भरून बाबांच्या उशाशी ठेवला, वर झाकण म्हणून पेला. सगळ्या घरांत ठेवतात तसा, सुलटा. तिला त्या तांब्याचं काहीच माहीत नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

मग ती आपणहून आक्काच्या लहानपणाविषयी बोलायला लागली. विहिरीच्या कठड्यावरून चालायची. वाचायला लागली की भात करपला तरी हलायची नाही. “आणि झोप!” बाय म्हणाली. “कसली रे झोप ती! आम्ही दोघी एका वाकळेत निजायचो. पहाटे फुलं काढायला जायचं असे. हिला उठवायची म्हणजे चार हाका माराव्या लागत, पाचवीला मी पाणी शिंपडत असे. एकदा पागोळ्यांचं पाणी आत आलं, वाकळ भिजली, ही निजलेलीच. आजी म्हणायची, घर डोक्यावर पडलं तरी हिला कळायचं नाही.”

बाबांनी डोळे मिटले. बायला कळेना काय झालं. तेव्हा बाबांनी तिला सगळं सांगितलं. कोयनेच्या पहाटेचं, दादाच्या आईचं, भिंतीवरच्या थापांचं, पालथ्या तांब्याचं. सत्तावन्न वर्षं चपला पलंगाला लागून ठेवून झोपलेल्या बहिणीचं. बाय ऐकत होती. मध्ये एकदा फक्त म्हणाली, “म्हणून माहेरपणाला आली तरी दार ढकलूनच ठेवत असे. मी कडी घालत्ये, ही काढत्ये.” नंतर तिनं पदर तोंडाला लावला.

बाहेर पोफळीचं एक झाप सुटून पडलं, मोठा आवाज झाला. तिघंही दचकलो, आणि तिघंही हललो नाही.

खूप वेळानं बाबा म्हणाले, “बाय, तू तिला कशी हाक मारायचीस गं? चार हाका म्हणालीस ना.”

“आता कशी मारू?”

“मार की. मला ऐकायची आहे.”

चौऱ्याऐंशी वर्षांची बाय उठून बसली. अंधाऱ्या आगराकडे तोंड केलं, गळा साफ केला, आणि एका लहान मुलीच्या उंच, लांबवलेल्या सुरात हाक दिली, “आक्के! ऊठ गो, उजाडलं!”